वरच्या खुणेपर्यंत

“गिअर डीवर टाकते, आणि ही नुसती घुरघुरते. जागची हलत नाही. मी म्हणते, बाई चल, सिग्नल सुटला. मागचे पोंपों करून आईबाप काढतायत. आणि मग एकदम अशी ढुशी मारते दादा, की मागे शिंपीकाकांची कवळी मांडीवर.”

“खरंच पडली?”

“पडली असती. त्यांनी तोंड दाबून धरलं. उतरताना म्हणाले, पोरी, तुझ्या गाडीला माझ्यासारखीच धाप लागलीय, हिलाही नेत जा दवाखान्यात.”

मेस्तरी हसला, पण हात चालूच होते. बॉनेट वर करून त्याने टेकू लावला, कमरेचं फडकं काढलं आणि मागच्या बाजूला, इंजिन आणि पत्र्याच्या बेचक्यात मनगटापर्यंत हात घातला. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी तिथे आडोशाला असते. न बघता बोटाने शोधावी लागते.

“तेल कमी झालं असणार,” तो म्हणाला.

“आत्ताच तर बदललंस.”

“मग प्यायली असेल. आणि खाली बघ, थेंब दिसतायत. गळतंय कुठून तरी. गळलं म्हणजे कमी झालं, कमी झालं म्हणजे घसरणार. सरळ आहे.”

ठमीने वाकून खाली बघितलं. काल संध्याकाळी ती गाडी इथेच लावून चालत घरी गेली होती. सिमेंटवर लालसर ओल होती, सरबत सांडल्यासारखी. ती काही तरी बोलणार होती. मग “तुला ठाऊक,” एवढंच म्हणाली आणि स्टेअरिंगवर हात टाकून बसून राहिली.

मेस्तरी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या पत्र्याच्या गॅरेजवर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. सगळे त्याला काठोकाठ म्हणायचे. समोर मेस्तरी, माघारी काठोकाठ. याच्या हातून काही म्हणून अर्धवट भरलं जात नसे. पाण्याचा तांब्या भरला तर उचलताना सांडायचा. चहा ओतला तर कपातला बशीत, बशीतला अंगावर. बायको म्हणायची, “तुमच्या हाताला एक बूच बसवून घ्या कुठून तरी, दुसऱ्यांच्या गाड्यांना बसवता तसं.” तो म्हणायचा, “बूच बसवलं तर तुला कोण वाढणार?” आणि तिच्या ताटात आणखी एक डाव ओतायचा.

हा हात त्याला वस्तादाकडून मिळाला होता. वस्ताद मालट्रकांचा मेस्तरी. त्या काळचे ट्रक सगळीकडून गळायचे. इंजिन गळायचं, गिअरबॉक्स गळायचा, मागचं डिफरन्शल तर आजारी म्हाताऱ्याच्या नाकासारखं सदा ओलं. माल घेऊन निघालेला ट्रक घाटात पोचेपर्यंत मापातलं तेल मापाखाली यायचं. म्हणून वस्ताद खुणेच्या वर भरायचा. वर भरून वर आणखी एक माप. “हे त्याच्या वाटेसाठी,” म्हणायचा. ट्रकवाले खूश असायचे. लांबून वळसा घालून त्याच्याकडे यायचे, कारण इथे मालकाचा हात सैल होता. मेस्तरी त्याच्याकडे पाने पुसत मोठा झाला, आणि पान्यांबरोबर हेही शिकला. गिऱ्हाइकाच्या गाडीत थेंब जास्त गेला तर जाऊ दे, कमी जाता कामा नये. पुढे स्वतःचं गॅरेज टाकल्यावर त्याने अख्खं आयुष्य तसंच केलं, आणि कुणाची गाडी त्यामुळे कधी बंद पडली नाही. साध्या गिअरच्या गाडीला एवढं तेवढं सोसतं. जास्त झालेलं ती ओकून टाकते आणि पुढे चालते.

ठमीची गाडी साध्या गिअरची नव्हती.

ठमी सहा-सात वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पाय राहिला, पण शोभेला. आई त्यानंतर फार टिकली नाही, बाप तर आधीच गेला होता. मेस्तरीला तेव्हा नुकती मिशी फुटत होती. दिवसभर वस्तादाकडे, संध्याकाळी घरी येऊन चूल. त्याला स्वयंपाक फारसा येत नव्हता, वाढता मात्र यायचं. ठमीच्या ताटात तो एवढं वाढायचा की पलीकडे बसलेली ती डोळ्यांपासून वर तेवढी दिसायची. त्याच्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक, पण भरपूर खाल्लं तर ते कुठे तरी जाईल, जाता जाता पायातही उतरेल, असं काही तरी असावं. ठमी सगळं संपवायची. पोट टम्म होऊन भिंतीला टेकून बसायची, पण संपवायची.

पुढे तिचं लग्न झालं, आणि नवरा बरा निघाला पण टिकला नाही. पोरबाळ नव्हतं. ती परत आली आणि भावाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक खोली घेऊन राहिली. वहिनीच्या डोळ्यांवर यायचं नाही, असं तिचं म्हणणं. तसं वहिनीने तिला कधी परकं केलं नव्हतं. पण खोली वेगळी, हे तिने धरलं ते धरलं. कापडाच्या दुकानात राहून बघितलं, तिथे दिवसभर उभं राहायचं. छपाईच्या कारखान्यात बघितलं, तिथे पायाने दाबायचं यंत्र. सगळीकडे तो पाय आडवा यायचा.

मग मेस्तरीला ती गाडी मिळाली. एक म्हातारे डॉक्टर गाव सोडून पोराकडे कायमचे चालले होते. गाडी जुनी, पण स्वतःची स्वतः गिअर बदलणारी. क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. मेस्तरी त्या गाडीच्या खाली निजला, वर बसला, चारी बाजूंनी फिरला, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. इकडून तिकडून जमवून त्याने ती घेतलीच. मोकळ्या मैदानात ठमीला शेजारी बसून शिकवली. पहिल्या दिवशी तिने ब्रेकवर असा पाय मारला की मेस्तरीचं कपाळ काचेला. टेंगूळ घेऊन तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, “ब्रेक झकास आहेत.”

त्या गाडीने ठमीचं काय केलं ते बघायला सकाळी कोपऱ्यावर उभं राहावं लागलं असतं. खोलीतून गाडीपर्यंत ती एका बाजूला कलून यायची, हाताने मांडी पुढे ढकलत. दार उघडायची, डावा पाय उचलून आत ठेवायची, मांडीखाली उशी सारायची. दार लागलं की संपलं. मग ती कुणाही सारखी. गल्लीतून वळण घेताना एक हात खिडकीवर, एक स्टेअरिंगवर, आणि समोरच्या रिक्षावाल्याला चार शब्द. काचेतून बघणाऱ्याला सांगूनही खरं वाटलं नसतं की ही बाई लंगडते.

ती दवाखान्याच्या फेऱ्या करायची. किडन्या गेलेली माणसं असतात, त्यांना रक्त धुऊन घ्यायला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, जन्मभर. जाताना ती सुजलेली असतात आणि येताना पिळलेल्या फडक्यासारखी. इतर गाडीवाले त्यांना टाळायचे, कारण वेळ लागतो, कधी गाडीत ओकतात. ठमी थांबायची. पिशवी ठेवायची, पाणी ठेवायची, माणसाला बोलतं ठेवायची. शिंपीकाका तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांची शिलाईची मशीन पोराने विकून टाकली होती, तेव्हापासून ते लोकांचे कपडे बघून शिवणीतल्या चुका काढायचे. सुईण जशी बाईच्या चालीवरून सांगते तसं ते कॉलरवरून शिंपी सांगायचे. ठमीला त्यांची बडबड आवडायची.

अशा गाडीचं तेल मेस्तरीने स्वतःच्या हाताने बदललं होतं, महिन्याभरापूर्वी. काढलं तेव्हा ते चहासारखं तपकिरी झालं होतं. नवं आणलं, लाल, काचेसारखं पारदर्शक. आणि भरलं.

त्या गाडीच्या पट्टीवर खुणांच्या दोन जोड्या होत्या. खालची जोडी गाडी थंड असताना बघायची, वरची गाडी चांगली पळवून तापवल्यावर. तेल तापलं की फुगतं, म्हणून. शेजारी बारीक अक्षरं कोरलेली होती, पण झिजलेली, आणि ती वाचायची मेस्तरीला कधी गरज वाटली नव्हती. वरची खूण म्हणजे भरलेलं, खालची म्हणजे रिकामं, उभा जन्म हेच बघत आला होता. इंजिन चालू ठेवून बघायचं, एवढं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. तापवून बघायचं, हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असेल. तो सकाळी बघायचा, कारण तेल सकाळी गार गाडीत बघावं, हे वस्तादाचं. इंजिनच्या तेलाला ते लागूही होतं.

म्हणून त्याने गार गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरलं. आणि वर एक माप, वाटेसाठी.

आता ठमी गाडी चालू करून बसली होती. त्याने पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर खाली होतं. त्यात बारीक बुडबुडे होते. मेस्तरीने ते बोटांत चोळून बघितले.

“बघ. गेलंच की खाली.”

“बुडबुडे कसले?”

“तेल कमी पडलं की हवा ओढते. पंप आहे ना आत.”

हे अगदी खोटं नव्हतं. कमी पडलं तरी हवा ओढते. पण जास्त झालं तरी तेच. आतली फिरती चक्रं तेलात बुडतात आणि रवीने ताक घुसळावं तसं ते घुसळतात. फेस होतो. पंप तेलाऐवजी फेस ढकलायला लागतो, फेसाला जोर नसतो, चाकांपर्यंत जोर पोचवणाऱ्या चकत्या धरत नाहीत, नुसत्या घसरतात आणि घासून तापतात. तापलेलं तेल वरच्या, हवा सुटायच्या नळीतून बाहेर येतं आणि खाली थेंब पडतात. रात्रभर थंड झाल्यावर पट्टीवर बघावं तर वरच्या खुणेला पोचलेलं नसतंच. मग माणूस म्हणतो कमी झालं. मेस्तरीने लांब नळीचं नरसाळं लावलं, डबा उचलला, आणि वरच्या खुणेला आणून थांबला. थांबला म्हणजे, मग आणखी थोडं.

“जा आता,” त्याने बॉनेट आपटलं. “लोण्यासारखी जाईल.”

लोण्यासारखी ती गेली नाही. चार-पाच दिवसांनी ठमी परत आली. आता बदल झाला होता. आधी सकाळी रुसायची, आता तासभर चालली की रुसायची. इंजिन ओरडायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. मेस्तरी खाली निजला. गिअरबॉक्सच्या डोक्यावर सगळीकडे ओल, आणि सायलेन्सरच्या नळीवर काळे डाग. त्याने एक सील बदललं. गळतंय तर सील गेलं असेल, म्हणून. नवं सील, आणि गळालेलं भरून काढायला तेल.

बायको दारात बसून हे बघत होती. “समोरच्या रस्त्यावर तो गिअरबॉक्सवाला आहे,” ती म्हणाली. “त्याला दाखवा की एकदा. त्याचं ते एकच काम आहे.”

“माझ्या बहिणीची गाडी मी दुसऱ्याला दाखवू?”

“बहीण दाखवायला नाही सांगत. गाडी सांगतेय.”

“तू तुझं बघ.”

ठमी स्टेअरिंगवर बसून होती. मेस्तरीने नरसाळं लावलं तेव्हा ती आरशात बघत होती. त्याने भरलं तेवढं भरू दिलं.

दवाखान्याकडे जाताना एक चढ लागतो. फार मोठा नाही, पण वर सिग्नल आहे आणि गाड्या चढावरच थांबतात. त्या सकाळी शिंपीकाका मागे बसले होते, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि पुढच्या माणसाच्या शर्टची बाही कशी उलटी लावलीय ते सांगत होते. सिग्नल सुटला. ठमीने ब्रेक सोडून ॲक्सिलेटर दिला. इंजिन किंचाळलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे सरकली.

तिने ब्रेक दाबला. परत दिलं. परत मागे. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मग बॉनेटच्या फटीतून आणि खालून धूर आला, निळसर, घशात बसणारा. तापलेल्या सायलेन्सरवर तेल सांडलं होतं. कुणी तरी ओरडलं, पेटली, पेटली. पेटली नव्हती, पण ठमीला ते कसं कळणार. शिंपीकाकांना दार उघडता येईना, सुजलेली बोटं. ती उतरली, गाडीला धरत धरत मागे आली, दार उघडलं आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. मग ती दोघं रस्त्याच्या कडेला, एक लंगडी आणि एक सुजलेला, एकमेकांना धरून उभी. कोण कुणाला धरतंय ते बघणाऱ्याला समजलं नसतं.

काकांना एका डिलिव्हरीच्या टेम्पोने नेलं. दवाखान्यात त्यांची खाट दुसऱ्याला दिलेली होती. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले, तेव्हा कुठे नंबर लागला. जिवावर बेतलं नाही. पण संध्याकाळी त्यांच्या पोराचा फोन आला. चांगला बोलला पोरगा, आवाज चढवला नाही. म्हणाला, “ताई, तुम्ही खूप केलंत बाबांचं. पण आता आम्ही दुसरी व्यवस्था करतो.” बातमी दवाखान्याच्या त्या खोलीत खाटेवरून खाटेवर गेली. बाकीच्यांनीही व्यवस्था केल्या.

गाडी ओढून नेली ती गिअरबॉक्सवाल्याकडे. ठमीने भावाला विचारलं नाही. दोरीवाल्याला तोच पत्ता सांगितला, आणि मग भावाला कळवलं.

गिअरबॉक्सवाला वाळका, कमी बोलणारा माणूस. दुकान आरशासारखं, भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले. मेस्तरीला तो कधी आवडला नव्हता. जमिनीवर एक डाग नाही, हा काय मेस्तरी, असं तो म्हणायचा. आज हात मागे बांधून तो कोपऱ्यात उभा राहिला. गाडी वर उचलली. गिअरबॉक्सवाल्याने खाली पसरट भांडं सरकवलं आणि बूच काढलं.

तेल आलं ते लाल नव्हतं. मातकट, फेसाळ, आणि जळक्या वासाचं. केस जळल्यावर येतो तसा. भांडं भरत आलं. गिअरबॉक्सवाल्याने पायाने दुसरं सरकवलं. तेही भरायला लागलं. तेल थांबायचं नाव घेईना. शेवटी धार बारीक झाली, आणि तिच्याबरोबर काळा भुगा आला, पेन्सिलला टोक काढल्यावर पडतो तसा. गिअरबॉक्सवाल्याने तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, आणि दाखवला.

“चकत्या गेल्या. सगळ्या.”

“बदलता येतील?” ठमीने विचारलं.

“आतला ड्रमही भाजलाय. वासावरून सांगतो. उघडून दाखवू?”

“नको. तेल कमी पडलं म्हणून झालं का?”

“कमी? ताई, समोर दिसतंय की. दीडपट असेल हे. कुणी भरलं?”

दुकानात हवेचा पंप घरघरत होता. मेस्तरीने तोंड उघडलं. “मी,” तो म्हणाला. “मी भरलं. मी मेस्तरी आहे.”

“ओळखतो की तुम्हाला,” गिअरबॉक्सवाला म्हणाला. टोमणा नव्हता, टोमणा असता तर बरं झालं असतं. “गरम करून बघितलं होतं का?”

“गार गाडीत बघितलं.”

“वरच्या खुणेला?”

मेस्तरीने मान हलवली. गिअरबॉक्सवाल्यानेही हलवली आणि हात पुसायला गेला. महिन्याला अशा किती गाड्या त्याच्याकडे येत असतील, त्याला नवल नव्हतं. मेस्तरीला वाटलं, याने आपल्याला चार माणसांत शिव्या घालाव्यात. कुणी घातल्या नाहीत.

त्यानंतर मेस्तरीने तो गिअरबॉक्स शोधायला पायाची चाळण केली. भंगाराच्या वाड्या पालथ्या घातल्या. ते मॉडेल बनायचं कधीच बंद झालं होतं. दोन ठिकाणी मिळाले, दोन्हींचं बूच काढून वास घेतला, दोन्ही जळालेले. नवा मागवायचा तर तो गाडीहून भारी पडत होता. घरी जेवताना तो घास हातात धरून बसून राहायचा. बायकोने गिअरबॉक्सवाल्याचं नाव काढलं नाही, हे त्याला जास्त टोचायचं.

एका सकाळी ठमी गॅरेजवर आली तेव्हा तो तिच्याच गाडीखाली होता. गाडी आता त्याच्या अंगणात उभी होती. तो घाईघाईने बाहेर सरकला, तोंड काळं, डोळ्यांत चमक.

“सापडला उपाय. साधा गिअरबॉक्स बसवतो. बसतो, मी मापं घेतली. खालचा आडवा पत्रा जरा कापावा लागेल, शाफ्ट तोडून जोडायचा. हे माझ्या हातचं आहे ठमे, यात मला कुणी शिकवायला नको. आठ दिवस दे.”

“साधा म्हणजे?”

“साधा. आपला. हाताने टाकायचा.”

ठमीने डाव्या मांडीवर हात ठेवला.

“आणि क्लच?” ती म्हणाली. “क्लच दाबायला तू बसणार का शेजारी? शिंपीकाका म्हणतील, हे बरं झालं, दोन ड्रायव्हर.”

मेस्तरीच्या हातातला पाना खाली आला. त्याला खरंच सुचलं नव्हतं. इतके दिवस तो गाडीचाच विचार करत होता. तो मडगार्डवर टेकला. ठमी त्याच्या शेजारी टेकली. समोरच्या भिंतीशी जुन्या टायरांची चळत होती.

“दुसऱ्यांदा भरलंस ना,” ठमी म्हणाली, “तेव्हाच मला वाटलं होतं. भरलं की जास्त बिघडते. घरातून निघताना वेगळी आणि तुझ्याकडून निघताना वेगळी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार?”

“पुरे म्हणायचं. बास म्हणायचं. मी काय तुला खाल्लं असतं?”

“तुला कधी पुरे म्हटलंय का मी?” ती म्हणाली. रागाने नाही. जसं कुणी विचारावं, आज वार कोणता. “मला ते येतच नाही, दादा. तू डबा उचललास की माझं तोंडच बंद होतं. मला वाटलं, संपवेल ती. मी संपवायची तशी.”

मेस्तरीने फडक्याने हात पुसले, जे पुसून होण्यासारखे नव्हते. चूक आपली, हे त्याने त्या लखलखीत दुकानात कबूल केलं होतं आणि त्याला वाटलं होतं की संपलं, आता वाईट एवढंच. त्याखाली आणखी एक पायरी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती समोर बसून बघत होती, तिला दिसत होतं, आणि त्याच्या मायेपुढे तिला तोंड उघडता आलं नव्हतं. एवढं त्याने तिला वाढलं होतं.

“आता पुढे?” त्याने विचारलं.

“दवाखान्यात फाटकावर खोपटं आहे. गाड्या लावणाऱ्यांना पावत्या फाडून द्यायच्या. बसून काम आहे. ओळखतात मला तिथले, घेतो म्हणाले.”

“तिथे दिवसभर लोकांच्या गाड्या बघत बसणार?”

“बघायला काय जातंय?”

भंगारवाला आला तो ठमी कामावर जायच्या आधी. तिनेच त्याला वेळ दिली होती. त्याच्या ट्रकवर लहान क्रेन होती. गाडीच्या नाकाला साखळी घातली. ठमी दार उघडून आत वाकली. सीटवरची उशी काढली, आरशामागे खोचलेला कंगवा काढला, आणि मागच्या सीटवर शिंपीकाकांचा एक रुमाल पडला होता, तो घडी करून पर्समध्ये ठेवला. उशी काखेत मारून ती बाजूला झाली.

“ती कशाला?” मेस्तरी म्हणाला.

“खुर्ची लाकडी आहे तिथली.”

साखळी ताणली. गाडी पुढून उचलली गेली तेव्हा खालून दोन-चार थेंब गळाले आणि धुळीत मुरले. भंगारवाल्याने कागदावर सही मागितली, ठमीने ट्रकच्या पत्र्यावर कागद टेकवून केली. ट्रक वळला, गल्लीच्या तोंडाशी एका सायकलवाल्यासाठी थांबला, आणि गेला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती घड्याळ बघत होती.

“सोडतो मी तुला,” मेस्तरी म्हणाला. “त्या जीपची चावी आहे माझ्याकडे, गिऱ्हाइकाची.”

“नको. बस येते कोपऱ्यावर.”

“चढता येतं का बसमध्ये?”

“कंडक्टर हात देतो.” तिने उशी नीट धरली. “वहिनीला सांग, रविवारी येते. आणि जेवायला थोडंच, म्हणावं.”

ती निघाली. एका बाजूला कलत, मोकळ्या हाताने मांडी पुढे ढकलत, काखेत उशी. मेस्तरी फाटकात उभा होता. पुढे होऊन उशी तरी घ्यावी असं त्याला वाटलं, पण पाऊल उचललं गेलं नाही. तिने नको म्हटलं तर काय, आणि घे म्हटलं तर काय, दोन्ही त्याला झेपणारं नव्हतं. कोपऱ्यावर बस आली. दारातून एक हात बाहेर आला. बस गेली.

अंगणात गाडी उभी होती तिथे तेलाचा डाग राहिला होता. मेस्तरीने तिथे भुसा टाकला आणि खराट्याने पसरला. तेवढ्यात एक टेम्पो फाटकातून आत नाक खुपसून थांबला, भाजीच्या रिकाम्या पेट्या लादलेला.

“मेस्तरी, मागचं उजवं चाक धरतंय हो. ब्रेक मारला की गाडी तिरकी पळते. आज मिळेल का?”

“कधीपासून?”

“कालपासून. परवापासून म्हणा.”

“म्हणजे आठवडा झाला,” मेस्तरी म्हणाला. “घे आत. त्या जागेवर नको, इकडे घे.”

टेम्पो कण्हत आत आला. मेस्तरीने पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक ओढून आणला, आणि गुडघ्यावर बसून चाकाचे नट सोडवायला लागला.